दसऱ्याच्या सुट्टीत बेळगावहून नेपाळ: कागद, रस्ता, जंगल आणि उंची

टिळकवाडीकर
येत्या दसऱ्याच्या सुट्टीत नेपाळ करायचं ठरतंय. चार मोठी माणसं, अकरा वर्षांचा मुलगा आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई. शाळा कर्नाटक बोर्डाची, त्यामुळे मोठी सुट्टी दिवाळीला नाही, ऑक्टोबरातच. जाणं-येणं धरून बारा दिवस. यादीत काठमांडू, पोखरा, चितवन आणि मुक्तिनाथ. कागद काय लागतात, ट्रेनने जावं की गाडी काढावी, आणि चारही ठिकाणं बसतात का, एवढं सांगा. ‘गूगलवर बघा’ नको, माहीतगारांचं हवंय.

निपाणकर
आधी कागद, मग तिकीट. भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा नाही, पण ओळखपत्रं दोनच चालतात: मुदतीतला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार कार्ड. मोठ्या माणसाला आधार चालत नाही. विमानतळावर सगळ्यात जास्त लोक इथंच अडकतात. १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या माणसांना सूट आहे, वय आणि ओळख दाखवणारं फोटोचं कार्ड पुरतं, आधारही चालतं. म्हणजे तुमचा मुलगा आणि सासूबाई सुटल्या, प्रश्न मधल्या चौघांचा.

आता आपल्या भागाची अडचण. आपली मतदार कार्डं कानडी आणि इंग्रजीत असतात आणि मराठी आडनावं कानडीतून इंग्रजीत जाताना वाकडी होतात. ‘जाधव’मधला एच गळतो, ‘पाटील’मध्ये डबल ई येतो, वडिलांचं नाव आडनावाच्या जागी जाऊन बसतं. रस्त्याच्या सीमेवर कुणी अक्षरं मोजत नाही. विमानात मात्र तिकिटावरचं नाव आणि कार्डावरचं नाव जुळावं लागतं. म्हणून कार्ड समोर ठेवून, त्यावर जसं आहे तसंच तिकीट काढा. कार्डच दुरुस्त करायचं असेल तर फॉर्म ८ भरा, पण तो आजच, निघायच्या महिनाभर आधी नव्हे. मोबाइलमधल्या ई-कार्डावर विसंबू नका, मूळ प्लास्टिकचं कार्ड खिशात हवं.

गोवा_एक्स्प्रेस
ट्रेनचं मी सांगतो. नेपाळच्या सीमेजवळचं मोठं स्टेशन म्हणजे गोरखपूर, पण बेळगावहून थेट गोरखपूर अशी सोयीची गाडी नाही, एकदा बदलावीच लागते. सरळ पर्याय म्हणजे वास्को-निजामुद्दीन गोवा एक्स्प्रेसने झाशी किंवा भोपाळ गाठायचं आणि तिथून मुंबईकडून येणारी कुशीनगर एक्स्प्रेस धरायची. ही रोज आहे आणि झाशी, कानपूर, लखनौ करत गोरखपूरला जाते. दुसरा पर्याय, मुंबईला जाऊन तीच गाडी सुरुवातीपासून पकडायची. वयस्कर माणूस बरोबर असेल तर हा बरा, कारण मध्यरात्री झाशीच्या फलाटावर सामान ओढावं लागत नाही.

बदलाच्या स्टेशनवर निदान पाच-सहा तास मोकळे ठेवा. दोन्ही तिकिटं आयआरसीटीसीवर जोडून घ्या. पहिली गाडी उशिरा पोचली आणि दुसरी चुकली तर न केलेल्या प्रवासाचे पैसे परत मागता येतात. त्यासाठी दोन्ही तिकिटांवर प्रवाशांची नावं तीच लागतात, आणि पहिली गाडी जिथं सोडते तिथूनच दुसरी सुरू व्हायला हवी.

गोरखपूर ते सोनौली, म्हणजे सीमेवरचं गाव, साधारण ९५ किलोमीटर, बसने तीन तास. नौतनवापर्यंत रेल्वेही जाते, तिथून सीमा सात-आठ किलोमीटर. बेळगाव सोडल्यापासून सोनौलीला पोचायला तिसरा दिवस उजाडतो, हे धरूनच चाला. डिसेंबर-जानेवारीत जाणाऱ्यांनी तर आणखी एक दिवस धरावा. तराईत, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या सपाटीत, आणि पूर्वांचलात धुकं इतकं असतं की गाड्या दहा-दहा तास मागं पडतात. ऑक्टोबरात तो त्रास नाही.

केए२२_डिझेल
सहा माणसं म्हटल्यावर गाडीच काढा की. सोलापूर, नागपूर, जबलपूर, प्रयागराज, गोरखपूर, सोनौली. एकोणीसशे ते दोन हजार किलोमीटर पडतं, दोघं चालवणारे असतील तर अडीच-तीन दिवस. नागपूर ते जबलपूर रस्ता लोण्यासारखा आहे, पेंचच्या जंगलात तर जनावरांना खालून जायला जागा सोडून वर उंच रस्ता बांधलाय.

सीमेवरचा क्रम असा. सोनौलीपलीकडची, नेपाळी बाजूची बेलहियाची कमान ओलांडली की गाडी कडेला लावायची, पुढं दामटायची नाही. आरसी, लायसन्स, विमा, पीयूसी यांच्या मूळ प्रती आणि दोन-दोन झेरॉक्स घेऊन भन्सार, म्हणजे त्यांचं जकात कार्यालय, तिथं जायचं. किती दिवस राहणार ते सांगायचं, रोजाच्या हिशेबानं नेपाळी रुपयांत पैसे भरायचे, चिठ्ठी घ्यायची. मग यातायात म्हणजे वाहतूक परवाना. दोन्ही कागद पुढं वाटेत पोलीस मागतात.

यात चुकतं कुठं? एक, चिठ्ठीवरची तारीख विक्रम संवताची असते. त्यांचा बैशाख १ तारखेला सुरू होतो तेव्हा आपल्याकडं १३-१४ एप्रिल असतो, आपल्या पाडव्याशी त्याचा मेळ नाही. संपायची तारीख इंग्रजीत काय होते ते खिडकीवरच विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या. दोन, घाट बंद पडला आणि एक दिवस वाढला तर दंड, म्हणून भन्सार एक दिवस जादाच काढा. तीन, गाडी भावाच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर नोटरी केलेलं संमतीपत्र इंग्रजीत हवं. कानडी किंवा मराठीतलं तिथं कोण वाचणार? चार, एका वर्षात भारतीय गाडीला एकूण तीसच दिवस मिळतात.

आणि विमा. आपली पॉलिसी भारतापुरती असते. नेपाळसाठी आयएमटी-१ नावाची जोड मिळते, ती कंपनीकडून थोडं जादा भरून आधीच जोडून घ्या. ती नसेल आणि तिकडं धडकलात तर सगळं खिशातून. फास्टॅग, अर्थातच, सीमेपलीकडं नुसता काचेवरचा स्टिकर.

मलप्रभाकाठ
डिझेल दादांचं भन्सारचं सगळं बरोबर आहे, पण गाडीचा सल्ला या कुटुंबाला मी देणार नाही. बारातले सहा दिवस गाडीतच गेले तर उरतं काय? आणि नेपाळातला रस्ता नकाशावर वाचायचा नसतो. काठमांडू-पोखरा २०० किलोमीटर, वेळ सात-आठ तास, रुंदीकरण चालू असेल तिथं त्याहून जास्त. सोनौलीहून तानसेनच्या घाटानं पोखरा १८५ च्या आसपास, पण पूर्ण दिवस. नारायणगढ-मुग्लिन पट्टा दरडींचा. १२ जुलै २०२४ ला तिथंच सिमलतालजवळ दोन बसगाड्या दरडीबरोबर त्रिशूली नदीत गेल्या. पाऊस सप्टेंबरअखेर ओसरतो, पण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातही मोठी सर येऊ शकते. म्हणून नियम साधा: या रस्त्यांवर अंधार पडल्यावर प्रवास नाही, रात्रीची बस तर मुळीच नाही.

ताशी पंचवीस किलोमीटरचा वेग धरून गणित मांडा. चोर्ल्याचा घाट पावसाळ्यात जसा असतो तसा दिवसभर, असं समजा.

तुमच्या यादीतलं एक ठिकाण कापावंच लागेल. चारही केलीत तर रोज सामान बांधायचं आणि सोडायचं, एवढंच होईल.

टिळकवाडीकर
मलप्रभाताई, कापायचं तर कुठलं? सासूबाईंचं मन मुक्तिनाथवर आहे, पोराचं गेंड्यावर.

शहापूरची_डॉक्टरीण
मुक्तिनाथचा विचार तब्येतीच्या अंगानं करा. पोखरा ८२२ मीटरवर. जोमसोम २,७४३. मुक्तिनाथ ३,७०० च्या वर. बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या शरीराला उंचीची काही सवय नाही. सहल कंपन्या पोखऱ्याहून जीपने एका दिवसात जोमसोम आणि दुसऱ्या सकाळी मुक्तिनाथ करवतात. दोन दिवसांत जवळजवळ तीन हजार मीटर चढ. तरुण माणसालाही डोकेदुखी, मळमळ, झोप उडणं हे होतं, सत्तरीच्या बाईला तर धोका आहेच.

करायचंच तर असं करा. पहिला मुक्काम तातोपानी, सुमारे १,२०० मीटर. दुसरा जोमसोम किंवा मार्फा, आणि तिथंच दुसरी रात्रही. चौथ्या दिवशी सकाळी मुक्तिनाथ, दर्शन, आणि झोपायला परत खाली. वर मुक्काम नाही. झोपायची उंची महत्त्वाची असते, दिवसा किती वर गेलात ते तेवढं नाही. तीन हजारांच्या वर रोज झोपायची उंची पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, हा सर्वसाधारण नियम आहे.

अ‍ॅसिटाझोलामाइड १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून, ही नेहमीची मात्रा. पण सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर नाही. आणि बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी आधीच चालू असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. चालताना झोक जाणं, बरळणं, बसल्या जागी धाप, खोकल्यात फेस, यातलं एकही दिसलं की औषध शोधत बसू नका. लगेच खाली, रात्र असली तरी खाली. शिवाय १०८ धारांखाली अंघोळ हा तिथला विधी आहे. पाणी बर्फगार असतं. हृदयाचा त्रास असलेल्यांनी हातावर घेऊन डोळ्यांना लावावं, पुण्य कमी होत नाही.

निपाणकर
डॉक्टरीणबाई म्हणतात त्याप्रमाणे पोखरा धरून पाच दिवस गेले. पोखरा-जोमसोम विमान वीस-पंचवीस मिनिटांचं आहे, पण ते फक्त सकाळी उडतं. अकरानंतर काली गंडकीच्या खोऱ्यात वारा असा सुटतो की उड्डाणं बंद. ढग असले तर सकाळचंही रद्द. त्यामुळे विमान धरलंत तरी त्यामागं एक मोकळा दिवस ठेवावा लागतो, आणि वाचलेला दिवस तिथंच जातो. शिवाय विमान म्हणजे आणखी झटकन वर.

त्या भागासाठी अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचा परवाना लागतो, सार्क देशांच्या नागरिकांना १,००० नेपाळी रुपये. आधीच काढा, वाटेतल्या चौकीवर काढला तर दुप्पट लागतो.

भीमगड
जंगलाकडं येऊ. पोराला गेंडा दाखवायचा तर चितवन, यात वादच नाही. १९७३ चं, नेपाळचं पहिलं राष्ट्रीय उद्यान, ९५२ चौरस किलोमीटर, १९८४ पासून जागतिक वारसा यादीत. २०२१ च्या गणनेत नेपाळात ७५२ गेंडे मोजले, त्यातले ६९४ एकट्या चितवनात. म्हणून इथं गेंडा ‘दिसला तर दिसला’ असा नसतो, दोन फेऱ्यांत बहुतेक दिसतोच. वाघाचं तसं नाही.

मुक्काम सौराहात, राप्ती नदीच्या काठी. प्रवेश फी सार्क नागरिकाला १,००० नेपाळी रुपये आणि त्यावर १३ टक्के व्हॅट, दर दिवसाची वेगळी. कार्ड जवळ नसेल तर परदेशी दर लावतात, तो दुप्पट. दोन दिवस असतील तर पहिल्या सकाळी डोंगीतून नदी. मगर, घडियाल आणि पक्षी तिथंच दिसतात, धुकं उतरायच्या आत निघा. दुपारी जीप. आपल्या दांडेलीत सकाळची फेरी भारी म्हणतात, चितवनात मात्र गेंड्यासाठी दुपारची चांगली, ऊन उतरताना तो डबक्यातून गवताच्या कडेला येतो.

ऑक्टोबरचा एक दोष ऐकून ठेवा. पावसाळ्यानंतर गवत हत्तीला झाकेल एवढं उंच असतं. ते जानेवारीच्या सुमारास कापतात, जाळतात. त्यानंतर फेब्रुवारी ते एप्रिल जनावर उघड्यावर दिसतं. म्हणजे वाघासाठी आपली एप्रिलची सुट्टी बरी, ऑक्टोबरची नाही. पण एप्रिलमध्ये वणव्याच्या धुरानं पोखऱ्यातून हिमालय दिसत नाही. दोन्ही एका सहलीत हवं म्हणणाऱ्यानं फेब्रुवारीअखेर जावं, आणि तेव्हा शाळा असते!

पायी जंगल फेरी असते. तिला किमान दोन मार्गदर्शक सक्तीचे आहेत, एक पुढं, एक मागं. एकच पाठवतो म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नका. गेंडा अंगावर आला तर झाडावर, नाहीतर जाड बुंध्यामागं, तेही नाही तर नागमोडी पळायचं. त्याला दिसतं कमी, पण वास आणि कान तिखट. अस्वल आलं तर उलट, सगळ्यांनी एकत्र उभं राहून काठ्या आपटायच्या. अकरा वर्षांच्या पोराला पायी फेरीला नेऊ नका, असं माझं स्पष्ट मत. कपडे खाकी, मातकट. लाल-पांढरं नको. जळवा ऑक्टोबरातही असतात. आपल्याकडं कणकुंबीला जातात तसे तंबाखूच्या पाण्यात भिजवून वाळवलेले मोजे घातले की काम होतं. निपाणकर, तुमचा माल तिकडं खपेल बघा.

खानापुरी
भीमगड अण्णा, बर्दिया राहिलं की. वाघासाठी चितवनच्या गर्दीत कशाला जायचं? बर्दिया ९६८ चौरस किलोमीटर, तराईतलं सगळ्यात मोठं उद्यान, माणसांची वर्दळ थोडी. लखनौहून बहराइच-रुपईडिहा सीमा, पलीकडं नेपाळगंज, मग महामार्गानं अंबासा फाटा आणि आत ठाकूरद्वारा. कर्णालीत डॉल्फिनही आहेत. लखनौ कुशीनगर एक्स्प्रेसच्या वाटेवरच आहे, म्हणजे गोरखपूरपर्यंत जायचंही काम नाही.

भीमगड
खरंय. पण ते जंगलवेड्यांचं ठिकाण. दिवसभर पाणवठ्याशी गप्प बसायची तयारी लागते. या कुटुंबाला नको.

मलप्रभाकाठ
शहराचं थोडक्यात. काठमांडूत तीन दिवस ठेवा, दोन नको. पशुपतिनाथ सकाळी लवकर. मुख्य देवळात चामड्याचा पट्टा, पाकीट चालत नाही, आत फोटो नाही. तिथले मुख्य भट्ट, म्हणजे पुजारी, परंपरेनं कर्नाटकातून येतात, तेव्हा कानडी येणाऱ्यानं एखादं वाक्य टाकून बघायला हरकत नाही. बौद्धनाथ संध्याकाळी, दिवे लागताना. भक्तपूरला पूर्ण दिवस द्या, तिकीट सार्कला ५०० नेपाळी. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर लाकूडकाम पुन्हा कसं बसवलं ते तिथं नीट बघता येतं. टॅक्सीशी घासाघीस करत बसण्यापेक्षा पठाओ किंवा इनड्राइव्ह अ‍ॅपवरून गाडी मागवा.

घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करा, बसच्या वेळा त्याच हिशेबानं असतात. गाडी नेलीच तर काठमांडू खोऱ्यात विनाकारण हॉर्न वाजवायला २०१७ पासून बंदी आहे, आणि दारूच्या बाबतीत थोडी चालते असं नाही. ‘मापसे’ नावाची तपासणी रात्री कुठंही असते.

जेवण सोपं. थकाली थाळीत डाळ-भात-भाजी पुन्हा पुन्हा वाढतात. मोमो घेताना ‘भेज’ म्हणून सांगा. नुसतं ‘बफ’ लिहिलेलं म्हणजे म्हैस.

गोवा_एक्स्प्रेस
पैशाचं: १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी, हा दर पक्का बांधलेला आहे, त्यात कुणी कमी देत असेल तर पुढच्या दुकानात जा. रोख न्यायची ती शंभरच्या नोटांत. मोठ्या नोटांचे नियम बदलत आलेत आणि गावातला दुकानदार नियम वाचत नाही, सरळ नको म्हणतो. फोनपे क्यूआर असलेल्या दुकानांत आपलं यूपीआय २०२४ पासून चालतं. तिकडची फोनपे वेगळी कंपनी, आपल्या अ‍ॅपशी गल्लत करू नका. अ‍ॅपमधली परदेशी व्यवहारांची सोय भारतात असतानाच सुरू करून घ्या, ओटीपी आपल्या सिमवर येतो. एटीएम दर वेळी साधारण पाचशे नेपाळी कापतं, म्हणून एकदाच काढा. सिम एनसेल शहरात ठीक, जोमसोमकडं नेपाळ टेलिकॉम.

हिंडलगा_रोड
मध्येच विचारतो, याच पैशात भूतान होईल का?

निपाणकर
नाही. भूतानात भारतीयांनाही दर रात्री माणशी १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क आहे, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मं. सहा माणसं, सात रात्री, गुणाकार करून बघा. वेगळा धागा काढा.

टिळकवाडीकर
सगळ्यांचे आभार. मुक्तिनाथ या खेपेला रद्द, सासूबाईंना डॉक्टरीणबाईंची पोस्ट वाचून दाखवली. आता असं: सांबऱ्याहून दिल्ली, दिल्लीहून काठमांडू विमान, काठमांडू ३ रात्री, पोखरा ३, सौराहा २, मग सोनौलीमार्गे गोरखपूर आणि ट्रेनने घरी. पोखऱ्यातून मोठ्या दोघांना घांद्रुक या डोंगरातल्या गावी ट्रेक करून एक रात्र जायचंय. दसऱ्याचा दिवस पोखऱ्यात येतोय. कुठं चुकतंय?

मलप्रभाकाठ
दोन ठिकाणी. दिल्लीत देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय विमानांची टर्मिनलं वेगळी पडू शकतात, सामान पुन्हा टाकावं लागतं. मध्ये निदान पाच तास ठेवा. काठमांडूकडं जाताना डावीकडची खिडकी घ्या, हिमालय त्या बाजूला.

दुसरं दसऱ्याचं. त्यांचा दशैं हा वर्षातला सगळ्यात मोठा सण. फूलपातीपासून, म्हणजे आपल्या सप्तमीपासून, काठमांडू रिकामं होतं आणि बाहेर जाणाऱ्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. विजयादशमीला टीका, म्हणजे कपाळावर टिळा लावायचा विधी, असतो, त्या दिवशी दुकानं बंद, वाहनं तुरळक. म्हणून काठमांडू-पोखरा प्रवास सप्तमीच्या आधी उरका किंवा गाडी आधीच ठरवून ठेवा. दशमीला प्रवास नको, फेवा तलावाकाठी बसा. परवान्याचं कार्यालयही त्या दिवसांत बंद मिळेल, तेव्हा घांद्रुकसाठी अन्नपूर्णाचा परवाना ऑनलाइन काढून छापून न्या. १ एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकरला मार्गदर्शक सक्तीचा केलाय. घांद्रुकच्या वाटेवर कुणी हटकतं, कुणी नाही, पण सणात मार्गदर्शक गावी गेलेले असतात. लागणार असेल तर आत्ताच पोखऱ्यातल्या हॉटेलमार्फत बोलून ठेवा.

केए२२_डिझेल
आणि सौराहाहून सोनौलीला सकाळी सहाच्या आत निघा. बुटवल-नारायणगढ रस्त्याचं काम कित्येक वर्षं चाललंय, दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरला सहा-सात तास धरा. गोरखपूरची ट्रेन त्याच रात्रीची नको, दुसऱ्या दिवशीची घ्या.